स्मॅश मेले: आइस क्लायंबर्सचा हँडऑफ सरावात बसतो, सामन्यात बसत नाही

बर्फाळ

नमस्कार मंडळी,

गेले सात महिने सुपर स्मॅश ब्रदर्स मेले या निंटेंडोच्या मारामारीच्या गेममध्ये आइस क्लायंबर्स हे पात्र खेळतोय. त्याआधी दोन वर्षं मार्थ होता. मार्थ अजूनही आवडतो, पण एका कंट्रोलरवर दोन पात्रं चालवायची चव लागली की एकट्या तलवारवाल्याकडे परत जाववत नाही.

अडचण सांगतो. सरावात दहापैकी आठ वेळा बसणारी गोष्ट सामन्यात एकदाही बसत नाहीये. ती म्हणजे हँडऑफ.

नवीन वाचणाऱ्यांसाठी थोडं मागून सुरू करतो. आइस क्लायंबर्स म्हणजे हातोडे घेतलेली जोडी, 1985 च्या फॅमिकॉमवरच्या जुन्या गेममधून आलेली. निळ्या कोटातला पोपो पुढे, गुलाबी कोटातली नाना मागे. हो, नाव नाना, पण मुलगी आहे. (मी खोलीत "नाना पडली!" म्हणून ओरडलो की आई अजूनही डोकावून जाते. आमच्याकडे नाना म्हणजे आजोबा.) मेले सेकंदाला 60 फ्रेम चालतो. आपण बटण दाबलं की पोपो लगेच ऐकतो आणि नाना तीच गोष्ट 6 फ्रेम उशिरा करते. बरोबर एक दशांश सेकंद.

या एक दशांश सेकंदाच्या फटीतच सगळी मजा आहे. पोपो कशात तरी गुंतलेला असताना दिलेली आज्ञा त्याच्यासाठी वाया जाते. नाना मोकळी असेल तर तिच्यापर्यंत मात्र ती पोचते. दोघं वेगवेगळं करायला लागतात, त्याला डीसिंक म्हणायचं. मेलेत ग्रॅब (समोरच्याला धरणं) फक्त पुढचा मारतो, मागची नाही. म्हणजे पोपोने ग्रॅब मारला की तो गुंतला आणि नाना पूर्ण तुमच्या ताब्यात. हँडऑफ इथूनच निघतो. पोपो डाउन थ्रो देतो (धरलेल्याला खाली आपटतो), तेवढ्यात नाना छोटी उडी मारून हवेतून खाली हातोडा घालते, समोरचा पोपोच्या पायाशी आदळतो, पोपो पुन्हा ग्रॅब मारतो. आणि परत पहिल्यापासून.

सराव मी अंकलपंच ट्रेनिंग मोडवर (सरावासाठी बदललेला मेले) करतो, रोज चाळीस मिनिटं. तिथे सलग पाच-सहा हँडऑफ जातात. स्लिपीवर (मेले ऑनलाइन खेळायची सोय) खरा माणूस समोर आला की पहिला थ्रो होतो, नाना नुसती उभी राहते किंवा इतकी उशिरा उडते की समोरचा कधीच निसटलेला असतो. हात थरथरतात म्हणून असेल असं सुरुवातीला वाटलं. पण सात महिन्यांनी हात थरथरायचे थांबलेत, हँडऑफ काही बसला नाही.

कुणी या पात्रावर मेहनत घेतली असेल तर सांगा.

शाइनवाला

पात्र माझं नाही, पण दुखणं ओळखीचं आहे. मी फॉक्स या पात्राच्या मल्टिशाइनवर, म्हणजे शाइन नावाचा अंगालगतचा वार एकामागोमाग एक मारण्यावर, दोन महिने घालवले. शाइन पहिल्याच फ्रेमला लागतो, चौथ्या फ्रेमपासून तो उडीने तोडता येतो, आणि फॉक्सचे पाय तीन फ्रेमांत जमीन सोडतात, म्हणून लगेच दुसरा शाइन. (फाल्को या पात्राला उडायला पाच फ्रेम लागतात, त्यामुळे त्याचा ताल वेगळा बसतो.) एकट्याने खेळताना मी सलग आठ मारतो. सामन्यात समोरच्याच्या शील्डवर (ढालीवर) दोन मारले की तिसऱ्याला अंगठा चुकतो.

एक विचारू का? ग्रॅब मिळतोच आहे तर वॉबलिंग का करत नाहीस? ते तर सोपं आहे म्हणतात.

बर्फाळ

वॉबलिंग येतं मला. पोपोने धरून ठेवायचं आणि डोकं आपटायचं, त्याच्या मधल्या प्रत्येक ठोक्याला नानाने मारायचं. ताल चुकला नाही तर समोरच्याला सुटायला जागाच मिळत नाही, तो मरेपर्यंत. शिकायला एक संध्याकाळ पुरली.

मी ते वापरत नाही. एक तर बहुतेक स्पर्धांमध्ये बंद आहे. दुसरं म्हणजे त्यात समोरच्याला करण्यासारखं काही उरत नाही. हँडऑफमध्ये दर थ्रोला तो काठी कुठे धरेल यावर माझं पुढचं पाऊल ठरतं. प्रत्येक वेळी तो सुटू शकतो आणि प्रत्येक वेळी मला त्याला पुन्हा पकडावं लागतं. मला तेच शिकायचंय.

न्यू जर्सीकर

बर्फाळ, धागा वाचून बरं वाटलं. मी इथे आठवड्याच्या लोकल्सना (छोट्या स्थानिक स्पर्धांना) जातो, वय चाळीसच्या पुढे गेलंय. पण आइस क्लायंबर्सवाला स्टेजवर बसला की खुर्ची पुढे ओढून बघतो.

वॉबलिंगबद्दल थोडं. हे नाव वॉबल्स या खेळाडूवरून पडलं. 2013 च्या ईव्होमध्ये (मारामारीच्या गेम्सची मोठी स्पर्धा) तो आइस क्लायंबर्स घेऊन अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि मँगो या खेळाडूकडून हरून दुसरा आला. त्यानंतर वाद वर्षानुवर्षं चालला. 2019 च्या सुमाराला मोठ्या स्पर्धांनी एकेक करून बंदी आणली. आमच्याकडे काहींना वाटलं की हे पात्र आता संपलं. मला उलट वाटलं. जे लोक टिकले त्यांनी हँडऑफ असे काही घासून-पुसून लखलखीत केले की बघत राहावं.

आता तुझ्या अडचणीकडे. एक नेमका प्रश्न विचारतो, प्रामाणिकपणे उत्तर दे. सामन्यात तू थ्रो झालेला *बघून* नानाला उडवतोस का?

आणि एक कर. फोन अशा जागी ठेव की तुझे हात आणि स्क्रीन दोन्ही दिसतील. सेकंदाला 60 फ्रेमवर चित्रण कर. स्लिपी प्रत्येक सामन्याची नोंद आपोआप ठेवतंच, ती एकेक फ्रेम पुढे सरकवून बघता येते. दोन्ही शेजारी ठेवून बघ. नुसतं आठवून बोललास तर आपण दोघंही अंदाजच बांधत बसू.

नवखा_लुइजी

मधेच विचारतो, माफ करा. समोरचा काठी कुठे धरतो म्हणजे नक्की काय? आणि एल-कॅन्सल सगळ्या पात्रांना लागतो का?

सी_स्टिक

लागतो, सगळ्यांना. हवेतला वार करत जमिनीवर उतरताना, टेकायच्या आधीच्या 7 फ्रेमांत एल, आर किंवा झेड दाबलं की उतरल्यावरचा अडकलेला वेळ अर्धा होतो. तो चुकवून काहीही नवीन शिकायला जाऊ नकोस, आधी हाताला लाव.

काठी धरणं म्हणजे डीआय. तुला मार बसला की उडण्याची दिशा तू काठीने थोडी वळवू शकतोस. थ्रोमध्येही तसंच. म्हणून एकच कॉम्बो दर वेळी तसाच लागत नाही.

लुइजी घेतलायस तर वेव्हडॅश आधी शिक. उडी, लगेच तिरकी एअर डॉज (हवेतली हुलकावणी), पाय जमिनीवर घसरतात. लुइजी सगळ्यात लांब घसरतो. उडीला चार फ्रेम, पाचव्याला डॉज. गेम बनवणाऱ्या साकुराईंना बनवतानाच हे माहीत होतं आणि त्यांनी ते ठेवलं, त्यामुळे 'बग आहे, करू नये' वगैरे कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. मेलेनंतरच्या 2008 च्या ब्रॉल या गेममध्ये एअर डॉजच बदलला आणि वेव्हडॅश गेला. मेलेत तो आहे आणि सगळा खेळ त्याच्यावर उभा आहे.

बर्फाळ

न्यू जर्सीकर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: हो, थ्रो बघूनच उडवतो. आणि मला ते माहीतच नव्हतं.

काल रात्री फोन पुस्तकांच्या चळतीवर ठेवला आणि शाइनवाल्याशी अकरा सामने खेळलो. त्याचे आभार, एकच गोष्ट तासभर करू दिली. सकाळी नोंदी उघडून बसलो. जे दिसलं ते सविस्तर लिहितो, कदाचित इतर कुणाच्या कामाला येईल.

सरावातल्या चित्रणात माझा उजवा अंगठा ग्रॅबचं झेड सुटल्या सुटल्या उडीच्या वायवर येऊन थांबतो. डाव्या अंगठ्याने काठी खाली ढकलली, डाउन थ्रो सुरू झाला, की पोपो अजून फेकतच असताना वाय दाबला जातो. अगदी हलका, टिचकी मारल्यासारखा. आइस क्लायंबर्सच्या उडीला तीनच फ्रेम आहेत, तेवढ्यात सोडलं नाही तर छोटी उडी मोठी होते. मग अंगठा घसरून सी-स्टिकवर (वार करायची दुसरी छोटी काठी) येतो आणि ती खाली. हे सगळं पोपोचा थ्रो संपायच्या आत. स्क्रीनवर समोरचा पोपोच्या हातातून सुटतो तेव्हा माझा अंगठा काम संपवून परत झेडकडे निघालेला असतो.

सामन्यातल्या चित्रणात अंगठा वायवर येतो आणि थांबतो. नुसता थांबतो. थ्रो होतो, फॉक्स हातातून सुटतो, तो कोणत्या बाजूला चाललाय ते मी बघतो, आणि मग वाय. एका ठिकाणी मोजलं, फॉक्स सुटल्यापासून माझा वाय दाबला जाईपर्यंत 14 फ्रेम. त्यावर नानाचे स्वतःचे 6. म्हणजे 20 फ्रेम उशीर. एवढ्यात फॉक्स उडी मारून वरच्या फळीवर जाऊन बसतो.

म्हणजे दोन ठिकाणी मी दोन वेगळ्याच गोष्टी करत होतो. सरावातला पुतळा डीआय करत नाही, त्यामुळे तिथे बघण्यासारखं काही नसतं आणि मी तालावर बटणं दाबतो. सामन्यात माणूस असतो, म्हणून मी "नीट बघून" खेळायला जातो. बघून खेळणं चांगलं असं सगळीकडे शिकवतात. पण मागे चालणाऱ्या पात्राला बघून चालवताच येत नाही, तिला आधीच सांगून ठेवावं लागतं.

न्यू जर्सीकर

शाब्बास. हे तुझं तूच शोधलंस ते बरं झालं. मी सांगितलं असतं तर तू मान डोलावली असतीस आणि पुन्हा बघत बसला असतास.

आता पुढचं कोडं. नानाला तालावर सोडलीस तर डीआय वाचणार कोण?

कोथरूडची_पीच

माझा डीआय कुणाला वाचता येणार नाही याची काळजी मी घेईन :)

बर्फाळ, मी तुझ्याविरुद्ध खेळले आहे, आठवतंय का? तेव्हा तुला ग्रॅबच मिळाला नव्हता. खरं सांगू, हँडऑफ हा तुझा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की तू ग्रॅब मारतोस तेव्हा नाना कुठे असते?

माझ्या बाजूने कसं दिसतं ते सांगते. तू शील्ड धरतोस तेव्हा पोपोची ढाल उभी असते आणि नानाची सहा फ्रेम मागे असते. त्या फटीत माझा डाउन स्मॅश (खालचा जोरदार वार) शिरला की नाना एकटीच उडते. एकदा ती लांब गेली की तिला कॉम्प्युटर चालवतो, आणि कॉम्प्युटर कसा परत येणार ते मला पाठ आहे. मी पोपोकडे बघतसुद्धा नाही, कड्यावर जाऊन नानाची वाट बघते. नाना गेली की तुझ्या बिले दोरीत (स्टेजवर परत यायची दोघांची चाल) काही दम राहत नाही, पोपोला एकट्याला परत येणं फार अवघड जातं.

म्हणून तुला माझ्याशी हँडऑफ शिकायचा असेल तर आधी जोडी जोडीने ठेवायला शिक. दर वेळी वेव्हडॅश मारून थांबतोस तेव्हा एक क्षण तिला पोचू दे. तू पोपोच्या वेगाने खेळतोस. नानाच्या वेगाने खेळ.

शाइनवाला

ताई म्हणतात ते पटलं. पण मला एक वेगळीच शंका आहे आणि ती मनापासून मांडतो. आपण सगळे, मी धरून, तंत्रांवर इतका वेळ का घालवतो? अकरा सामन्यांत बर्फाळला मी किती वेळा साध्या डॅश डान्सने (भरभर पुढे-मागे पळून) चुकवलं ते त्याने मोजलं नाही. मला वाटतं आपल्या पातळीला हँडऑफ, मल्टिशाइन, हे सगळं नंतरचं आहे. आधी अंतर राखायला शिकावं.

कोथरूडची_पीच

अर्धं मान्य. दुसऱ्या अर्ध्याबद्दल माझा अनुभव उलटा आहे.

माझ्या पीच या पात्राला तरंगता येतं. तरंगताना वार करून खाली टेकलं की उतरायला फक्त 4 फ्रेम लागतात, एल-कॅन्सलची गरजच नाही. जमिनीला घासून तरंगायचं तर काठी खाली धरून उडी धरून ठेवायची. सुरुवातीला मी हे फक्त शील्डवर दाब ठेवायला शिकले. पण ते हातात बसल्यावर माझं अंतर आपोआप बदललं. कारण आता मला माहीत होतं की इतक्या अंतरावरून मी सुरक्षित आत जाऊ शकते. त्याआधी तेच अंतर मला धोक्याचं वाटायचं. पीच खेळणाऱ्या आर्माडाचे 2011 च्या जेनेसिस 2 या स्पर्धेतले सामने मी तंत्र शिकायच्या आधीही बघितले होते आणि नंतरही. आधी वाटायचं हा नुसता मागे-पुढे तरंगतोय. नंतर बघताना प्रत्येक तरंगण्याची उंची वेगळी का आहे ते दिसायला लागलं. डोळे तेच होते, हात बदलले होते.

न्यू जर्सीकर

यात योशी हे पात्र खेळणाऱ्या एमसाचं उदाहरण घालतो. योशीला मेलेत शील्डमधून उडी मारता येत नाही. म्हणजे शील्डमधून वेव्हडॅश नाही, बाकी सगळ्यांना जी सुटका आहे ती नाही. त्यामुळे पुष्कळ वर्षं हे पात्र कुणी गंभीरपणे घेत नव्हतं. एमसाने जपानमध्ये बसून दुसऱ्या उडीत असलेला मार सोसायचा गुण, ती उडी तोडून केलेले वार, शील्ड उघडतानाची ती नेमकी वेळ ज्यात वार परतवता येतो, हे सगळं वर्षानुवर्षं घासलं. 2022 मध्ये त्याने द बिग हाउस 10 ही मोठी स्पर्धा जिंकली. तिथे बघताना कळतं की त्याचं अंतर, त्याची वाट बघण्याची पद्धत, सगळं त्या तंत्रांतून आलंय. ते काढून घेतलं तर उरलेला खेळ त्याला खेळताच येणार नाही.

शाइनवाला, तुझं म्हणणं चूक नाही. क्रम मात्र माणसागणिक वेगळा असतो.

बर्फाळ

महिन्याभराने परत आलोय. मधे कंट्रोलर जोडायचा अ‍ॅडॉप्टर गेला, ऑनलाइन मागवलेला नवा आला तो दर काही मिनिटांनी कंट्रोलर विसरायचा, तो परत करून दुसरा येईपर्यंत दहा दिवस गेले. पण जे केलं ते लिहितो.

दादांच्या कोड्याचं मला सापडलेलं उत्तर: नानाचं ठरलेलं, पोपोचं बघून. ग्रॅब लागला की नानाची उडी आणि हातोडा तालावर, दर वेळी, समोरचा काहीही करो. डोळे मोकळे राहतात ते फक्त एका गोष्टीसाठी, हातोडा बसल्यावर समोरचा कुठे पडणार. तिथे पोपोने जागेवरूनच ग्रॅब मारायचा की एक पाऊल पुढे टाकून, एवढंच मी बघून ठरवतो.

हे बोलायला सोपं आहे. हाताला सांगायला पंधरा दिवस लागले, कारण न बघता बटण दाबायची भीती वाटते. शेवटी एक युक्ती केली. सरावात स्क्रीनवर वही आडवी धरून ठेवायला धाकट्या बहिणीला बसवलं. ग्रॅब लागला की ती वही धरायची, मी तालावर दाबायचं, हातोड्याचा आवाज आला की वही बाजूला आणि मी पोपोचा निर्णय घ्यायचा. तिने चार दिवस हे केलं, वर हातोड्याचा आवाज उशिरा आला की मला आधी सांगायची. तिचे कान माझ्यापेक्षा तयार आहेत.

फॉक्स, फाल्को, कॅप्टन फाल्कन या भरकन खाली येणाऱ्यांवर कमी टक्क्यांना (म्हणजे त्यांना थोडाच मार बसलेला असताना) आता खरंच बसतोय. फायनल डेस्टिनेशन या स्टेजवर सगळ्यात चांगला, कारण पळून जायला वर फळ्याच नाहीत. शाइनवाल्यावर काल एका स्टॉकमध्ये (एका जिवात) चार हँडऑफ गेले. समोरच्याने बाहेरच्या बाजूला पूर्ण काठी धरली तर हातोडा हुकतो, त्यावर अजून काम चालू आहे. थ्रोच बदलावा असं वाटतंय.

ताईंच्या सल्ल्यावर मात्र माझी खरी परीक्षा झाली. नानाच्या वेगाने खेळायचं म्हणजे वेव्हडॅशनंतर थांबायचं. तो थांबा इतका लहान आहे, पण पहिले आठ दिवस मला वाटत होतं की मी उघडा पडतोय.

शाइनवाला

चार हँडऑफ खाल्ले ते मीच. तिसऱ्याला मी काठी आत धरली, मुद्दाम, आणि तरी पकडलं. नोंद दोनदा बघितली. पोपोने जागा सोडलीच नव्हती, मीच त्याच्या पायाशी येऊन पडलो.

आणि हो, मल्टिशाइनला मीही फोन लावला. तिसऱ्या शाइनला मी उडी एक फ्रेम आधी दाबतोय. चौथ्याऐवजी तिसऱ्या फ्रेमला, म्हणून उडीच होत नाही. इतके दिवस मला वाटत होतं की मी उशीर करतोय आणि मी आणखी घाई करत होतो.

नवखा_लुइजी

मी पण फोन लावू का? माझा वेव्हडॅश दर दुसऱ्या वेळी नुसतीच उडी होतो.

सी_स्टिक

लाव. हात आणि स्क्रीन एकाच चौकटीत. उडी दाबल्यापासून डॉज दाबेपर्यंतच्या फ्रेम मोज आणि आकडे इथे टाक, बघू.

कोथरूडची_पीच

बर्फाळ, परवा रात्री दहा वाजता स्लिपीवर ये. पाच सामने. ग्रॅब मारायच्या आधी नाना शेजारी होती का, ते मी प्रत्येक वेळी लिहून ठेवते. हँडऑफ बसला की नाही ते तू लिही. पीच हळू खाली येते, त्यामुळे तुझा ताल माझ्यावर बसणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

बर्फाळ

येतो ताई. पीचसाठी वेगळा ताल लावायला आजच सुरुवात केली आहे, बहीण वही घेऊन बसली आहे.